मरणाला जागा

नगरच्या सावेडीत गेल्या काही दशकांत सगळं आलं. प्रोफेसर कॉलनी झाली, गुलमोहर रोड आणि पाइपलाइन रोड गजबजले, भिस्तबाग चौकाच्या पुढेही घरांच्या रांगा गेल्या. शाळा, शिकवण्या, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मनमाड रस्त्यालगतच्या या उपनगरात माणूस जन्माला येतो, शिकतो, लग्न करतो, निवृत्त होतो. गेल्यावर मात्र त्याला बहुतेक वेळा जुन्या शहराच्या पलीकडे, नालेगावच्या अमरधामात न्यावं लागतं. सावेडीला स्वतःची स्मशानभूमी आणि दफनभूमी हवी ही मागणी जुनी आहे. विषय महापालिकेत निघतो, जागेवरून वाद होतो आणि पुन्हा मागे पडतो.

ही नुसती नागरी सोयीची तक्रार असती तर चार ओळींत संपली असती. पण मृत्यू आणि गेलेल्यांची आठवण या बाबतीत नगर जिल्ह्याच्या गाठीशी इतकं काही आहे की, त्या सगळ्याकडे एकदा सलग पाहिल्याशिवाय या मागणीचं वजन कळत नाही. पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: आठवण दगडाने टिकत नाही, वहिवाटीने टिकते. आणि वहिवाटीला जागा लागते, वेळ लागतो, माणसं लागतात.

आधी दगडाचं पाहू. 1490 मध्ये मलिक अहमदने सीनेकाठी ज्या शहराचा पाया घातला, त्याच्याच पश्चिमेला बागरोजात तो विसावला. काळ्या दगडातली ती कबर देखणी आहे. तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणाऱ्या गुलामअली हत्तीची समाधीही जवळच असल्याचं सांगतात. पण बागरोजाकडे मुद्दाम कोण जातं? याउलट शहराच्या पूर्वेला, तेराएक किलोमीटरवर शहा डोंगराच्या माथ्यावर जी अष्टकोनी तीनमजली इमारत आहे, तिच्याकडे पावसाळ्यात गाड्यांची रीघ लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. त्याच्या हयातीच्या कर्तबगारीला साजेशी, वाऱ्यापावसाला चारशे वर्षांहून अधिक काळ पुरून उरलेली. दगड जागचा हलला नाही, नाव मात्र गेलं. कारण चांदबिबीची गोष्ट लोक सांगत राहिले. 1595-96 च्या वेढ्यात मुघलांपुढे किल्ला लढवणारी आणि पुढे आपल्याच माणसांच्या हातून मारली गेलेली ही बाई घराघरात माहीत होती. सलाबतखानाची गोष्ट सांगणारं कोणी उरलं नाही. लोकांनी रिकाम्या झालेल्या दगडात आपल्याला आठवणारं माणूस आणून बसवलं. त्यात लोकांचं अज्ञान आहे हे खरं, पण मला त्यात एक न्यायही दिसतो.

औरंगजेबाचं उलट झालं. 3 मार्च 1707 रोजी तो इथेच, भिंगारजवळच्या छावणीत वारला. दख्खन जिंकायला येऊन त्याला पंचवीस वर्षं झाली होती. देह खुलताबादला नेला, उघड्या आकाशाखाली साधी कबर केली. भिंगारशेजारी आलमगीर हे नाव तेवढं उरलं. 2025 च्या मार्चमध्ये त्या कबरीवरून वाद पेटला आणि नागपुरात दंगल झाली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या मातीवरून जिवंत माणसांनी एकमेकांवर उठावं, याला स्मरण म्हणत नाहीत.

वहिवाट कशी टिकते ते पाहायचं तर नेवाशाला जावं. ज्ञानेश्वरी इथे 1290 मध्ये सांगितली गेली आणि सहाच वर्षांनी सांगणाऱ्याने आळंदीला समाधी घेतली. तो प्रसंग नामदेवांच्या अभंगांनी असा धरून ठेवला की, दर कार्तिकात वद्य त्रयोदशीला कीर्तनकार समाधीचं वर्णन सुरू करतो तेव्हा मांडवातल्या म्हाताऱ्या बायका आजही पदर डोळ्यांना लावतात. सातशे वर्षांपूर्वीच्या मरणाचं रडू ताजं आहे, कारण दर वर्षी ठरल्या दिवशी ते रडलं जातं. शिर्डीत साईबाबा 15 ऑक्टोबर 1918 रोजी, दसऱ्याच्या दिवशी गेले. आजही पुण्यतिथी तिथीप्रमाणे दसऱ्यालाच होते. अरणगावजवळच्या मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी आहे. आयुष्याची चव्वेचाळीसेक वर्षं मौन पाळलेला हा माणूस 31 जानेवारी 1969 रोजी गेला. त्या दिवशी, अमरतिथीला, जगभरातून आलेली हजारो माणसं भर दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटं गप्प बसतात. एवढ्या मोठ्या जमावाच्या शांततेत बसल्यावर मौन पाळणाऱ्याची आठवण मौनानेच करण्यातलं शहाणपण कळतं. आचार्य आनंदऋषीजी 28 मार्च 1992 रोजी नगरमध्ये गेले, आणि त्यांच्या नावाने रुग्णालय उभं राहिलं. त्यांचं नाव इथे रोज कोणाच्या तरी दुखण्याच्या निमित्ताने घेतलं जातं.

या परंपरेतलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण मात्र समाधीचं नाही, पुस्तकाचं आहे. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, हा मुळात एका गेलेल्या माणसाच्या आठवणींचा संग्रह आहे. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी, म्हणजे आपल्याच भागातल्या, गोदाकाठच्या सराळ्याच्या विद्वानाने, स्वामींना पाहिलेल्या माणसांना गाठून एकेक लीळा टिपली. स्वामी काय बोलले, कुठे बसले, काय जेवले, कोणाला कसं हाक मारलं. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. तेव्हा महानुभाव पंथातल्यांनी पाठ असलेल्या मजकुरातून ती पुन्हा उभी केली, आणि एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तिथे दोन्ही पाठ ठेवले. आपल्या घरातलं माणूस गेल्यावर आपण काय करतो? भिंतीवर फोटो लावतो, हार घालतो. वडील कोणत्या वाटेने शाळेत जात होते, आईला कोणती भाजी आवडत नव्हती, हे विचारून ठेवलेलं नसतं आणि मग विचारायला कोणी उरत नाही. म्हाइंभटांनी केलं ते काम कोणत्याही घराला करता येतं. त्याला वही पुरते.

आता खुद्द सावेडीकडे येतो. नगरचा मोहरम महाराष्ट्रात नावाजलेला आहे. बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या प्रभावाखाली 1537 च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला, कोठल्याची वास्तू उभी राहिली आणि इसवी सन 680 मध्ये करबलाच्या मैदानात पडलेल्या हुसेनचं दुःख सीनेकाठी येऊन राहिलं. निजामशाही 1636 मध्ये संपली. शिया घरं थोडी उरली. शोक मात्र राहिला, तो सगळ्या शहराचा झाला. सवारीपुढे नवस बोलणाऱ्यांत, खांदा देणाऱ्यांत हिंदू घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कत्तलची रात्र जागून काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून सावेडीच्या बारवेकडे येते. म्हणजे ज्या सावेडीला आज आपल्या मृतांसाठी जागा सापडत नाही, तिच्या जुन्या गावठाणाने दूरच्या वाळवंटातल्या मृतांच्या निरोपाला जागा दिलेली आहे. नव्या कॉलन्यांतल्या किती मुलांना हे माहीत आहे? त्या दिवशी रस्ता बंद असतो, एवढंच त्यांच्या कानावर येतं.

भुईकोट किल्ल्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे बंदिवासात आले. नेहरूंनी तिथे लिहिलेल्या ग्रंथामुळे ती खोली सर्वांना ठाऊक आहे. त्याच बंदिवासात मौलाना आझाद होते. कलकत्त्याला त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम आजारी पडल्या. सरकारकडे सुटकेची विनंती करायला मौलानांनी नकार दिला. एप्रिल 1943 मध्ये त्या गेल्याची तार किल्ल्यात आली. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांपैकी एका पत्रात त्यांनी या दिवसांबद्दल लिहिलं आहे. दिनक्रम मोडू द्यायचा नाही म्हणून ते जेवणाच्या टेबलावर वेळेवर जाऊन बसत आणि मनातलं चेहऱ्यावर येऊ देत नसत. आवारात एक जुनी कबर होती, कोणाची ते कोणालाच माहीत नव्हतं. इतके महिने ती रोज डोळ्यांपुढे होती. पत्नीच्या मृत्यूनंतर मात्र त्या अनोळखी कबरीबद्दल आपल्याला निराळीच ओढ वाटू लागली, असं ते लिहितात. मातीला जाता आलं नाही, मूठभर माती टाकता आली नाही. म्हणून त्या माणसाने दुसऱ्या कोणाच्या तरी कबरीपाशी आपलं दुःख नेऊन ठेवलं. मृतापेक्षा मागे राहिलेल्याला जागेची गरज अधिक असते, हे याहून स्पष्ट कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.

आपल्या साध्या घरांत ही गरज विधींनी भागवली. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंड, तेराव्याला गोड जेवण, मग मासिक, वर्षश्राद्ध आणि दर भाद्रपदात पितृपक्ष. या विधींत अंधश्रद्धा आहे, खर्च आहे, जातीची उतरंडही आहे, आणि त्यावर सत्यशोधकांपासून टीका होत आली ती रास्तच आहे. पण त्यांच्यात दुःखाचं एक वेळापत्रक आहे, ते फेकून देताना त्या जागी काय ठेवायचं याचा विचार कमी झाला. प्रवरासंगमला घाटावर दशक्रिया पाहावी. पिंड मांडले की सगळे मागे सरकतात. कावळा झाडावर असतो, पण उतरत नाही. मिनिटं जातात. मग घरातलं एकेक माणूस पुढे होतं, हात जोडतं आणि चारचौघांत मोठ्याने सांगतं: ‘अण्णा, धाकटीचं लग्न आम्ही थाटात करू.’ ‘आईला अंतर देणार नाही.’ ‘वावराच्या वाटणीवरून भांडणार नाही.’ कोणीतरी हळूच म्हणतं, थोरल्याला पुढे करा, त्याच्यातच जीव अडकलाय. शेवटी कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करतात. कावळ्यात काही आहे असं मी मानत नाही. पण भाऊबंदांसमोर उच्चारलेल्या त्या वचनांत बरंच काही आहे, आणि ते मागे घेणं गावात सोपं नसतं. अलीकडे काही घरं राख नदीत न सोडता शेताच्या बांधावर खड्डा घेऊन त्यात टाकतात आणि वर आंबा किंवा चिंच लावतात. हा बदल मला मनापासून आवडतो. नदी वाचते आणि नातवाला दाखवायला झाड राहतं.

गावच्या दशक्रियेचा एक भाग मात्र बिघडला आहे, तो श्रद्धांजलीच्या भाषणांचा. गेलेल्याला कधी न भेटलेले पुढारी माइक धरतात, नावांची यादी वाचली जाते आणि विधवा तोवर उन्हात बसून असते. घरच्यांनी आधीच सांगावं, भाषण एकच होईल आणि ते शेजाऱ्याचं होईल. सांगायला धीर लागतो, पण काही गावांनी तो दाखवला आहे.

सावेडीच्या फ्लॅटमध्ये यातलं काय उरतं? चौथ्या मजल्यावर कोणी गेलं तर तिरडी लिफ्टमध्ये मावत नाही. देह चादरीत धरून जिन्याने उतरवावा लागतो, प्रत्येक वळणावर कोणीतरी ‘पाय आधी, पाय आधी’ म्हणत असतं. तिरडी खाली पार्किंगमध्ये बांधायची, गाड्या हलवायला सांगत. मुलगा पुण्याहून निघालेला असतो किंवा परदेशातून विमानात बसलेला असतो, तोवर शीतपेटी भाड्याने येते. पूर्वी गल्लीत ज्या घरात मरण होई तिथे चूल पेटत नसे. भाऊबंद कडू घास घेऊन येत आणि समोर बसून खायला लावत. नव्या वस्तीत भाऊबंद नाहीत, शेजारी वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेले, आडनावापलीकडे ओळख नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीच्या ओळी एकाखाली एक पडत जातात. त्या खोट्या नसतात. लिहिणाऱ्याला खरोखर वाईट वाटलेलं असतं. पण दार वाजवून आत जाऊन बसायचं कसं, काय बोलायचं, किती वेळ थांबायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. गावात हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे: काही बोलायचं नसतं, नुसतं बसायचं असतं.

बाईच्या वाट्याला मरण कसं येतं, हा या विषयाचा सर्वांत दुखरा भाग. ज्यांच्या नावाने आता हा जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले तेव्हा त्या सती निघाल्या होत्या. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना अडवलं. त्यापुढचा कारभार, घाट, धर्मशाळा सगळ्यांना माहीत आहे. पण 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती निघाली, तेव्हा आईची विनवणी चालली नाही. स्वतः चितेवरून परतलेल्या आईला मुलीला परत आणता आलं नाही. चार वर्षांनी, 13 ऑगस्ट 1795 रोजी, अहिल्याबाई गेल्या. जयंतीच्या भाषणांत मुक्ताबाईंचं नाव मी फार क्वचित ऐकतो. ते घेतलं जावं.

शंभर वर्षांनी चित्र थोडं पालटलं, आणि त्यातही नगरचा धागा आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार इथे मुलींच्या शाळा चालवत. त्या पाहून जोतीराव फुल्यांनी प्रेरणा घेतली आणि सावित्रीबाई अध्यापन शिकल्या त्या याच फरारबाईंकडे. 1862 मध्ये फरारबाई नगरमध्येच वारल्या. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, कोणी धरायचं यावर दत्तक यशवंतशी पुतण्याने वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवं धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. सव्वासहा वर्षांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, 10 मार्च 1897 रोजी, त्याच साथीने त्या गेल्या. आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव झाले, पण अंमल मात्र गावोगावी थोड्या धीट बायकांवर सोडलेला आहे. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत अजूनही मथळा येतो, अमुक यांना मातृशोक. मुलगा नगरसेवक म्हणून त्याचं नाव मथळ्यात. गेलेल्या बाईचं नाव दुसऱ्या ओळीत, कधी त्याच्याही पुढे. ज्या बाईने सत्तर-ऐंशी वर्षं काढली तिला मरणाच्या बातमीत तरी स्वतःच्या नावाने येऊ द्यावं.

2021 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या साथीत, निरोपाचे हे सगळे रिवाज एकदम मोडले. नालेगावच्या अमरधामात चितेशेजारी चिता पेटत होत्या. घरच्यांना तोंड पाहायला मिळालं नाही, राख सावडायला चार माणसंही जमू शकली नाहीत. दहाव्याचा कोणी विचारही करू शकलं नाही. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण त्या दिवशी गेले. ज्या बहिणी ओवाळणीचं ताट घेऊन बसल्या होत्या त्यांच्यासाठी तो सण पुढे कसा येत असेल? शहराने त्या वर्षातल्या मृतांसाठी एकत्र येऊन एक दिवस पाळलेला नाही. करबलाचा शोक जपणाऱ्या शहराला ते अवघड जाऊ नये. आजही सावेडीत अशी घरं आहेत जिथे त्या उन्हाळ्याचं बोलणं निघालं की कोणीतरी उठून आत जातं. ज्याचा निरोप घेतला गेला नाही त्याचं दुःख जुनं होत नाही.

आता बहुतेकांचं मरण घरातून रुग्णालयात गेलं आहे, आणि तिथे प्रश्न वेगळे आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग 1973 पासून 18 मे 2015 पर्यंत जवळपास बेशुद्धावस्थेत होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपलं ती सेवा थोर होती. त्यांच्या दयामरणाच्या प्रकरणातून सुरू झालेला विचार पुढे गेला आणि 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की, बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रांवर जगवू नका, असं माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. 2023 मध्ये त्याची रीतही सोपी झाली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढची सही चालते. वयस्क आईवडिलांशी हे बोलणं अभद्र नाही. उलट न बोलल्यामुळे अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडं एकमेकांवर ओरडतात, आणि निर्णय ज्याने घेतला त्याला बाकीचे जन्मभर बोल लावतात.

या सगळ्यातून सावेडीच्या मागणीकडे परत पाहावं. इथे स्मशानभूमी होईल तेव्हा ती नुसती चार ओटे आणि पत्र्याचं छप्पर असू नये. दफन फक्त मुसलमान आणि ख्रिस्ती करतात असं नाही. लिंगायत, गोसावी, नाथपंथी, महानुभाव यांचंही दफनच असतं आणि लहान लेकरांना तर सगळेच पुरतात, म्हणून दोन्हीला एकाच आवारात जागा हवी. विद्युतदाहिनी हवी, पण सावडायला बसता येईल अशी सावलीही हवी. पाण्याची सोय, म्हाताऱ्यांना टेकायला बाक आणि स्मशानात येऊ इच्छिणाऱ्या बायकांना अवघडल्यासारखं होणार नाही अशी व्यवस्था हवी. दहाव्याला, चाळिसाव्याला किंवा कोणताही विधी न मानणाऱ्यांना नुसतं एकत्र बसायला एक मोठी खोली हवी. भोवती कडुनिंब, पिंपळ, जांभूळ अशी झाडं हवीत, शोभेची नकोत. आणि आत शिरताच एक नोंदवही असावी. महापालिकेच्या मृत्यूनोंदणीची, एकवीस दिवसांत करायची, ती वेगळीच. ही वही लोकांसाठी, कोणालाही चाळता येईल अशी. तिच्यात गेलेल्याचं स्वतःचं पूर्ण नाव, मूळ गाव, आयुष्यभर केलेलं काम आणि घरच्यांनी सांगितलेली एखादी आठवण, त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलेली असावी.